पाच पणत्या

मल्लप्पा उस्ताद चहाच्या टपरीवर उभे असले तरी मधूनच एक हात लांब करून अंगठा समोर धरायचे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटे, हे रिक्षा थांबवताहेत. एकदा खरंच एक रिक्षा थांबली होती. मग शेजारच्या नव्या शिपायाला ते विचारायचे, "माज्या नखाकडं बघ. आता पलीकडची पाटी वाचता येती का?" शिपाई म्हणे, नाही, पुसट दिसते. "मग बराबर बघाय लागलास की!" म्हणत ते आपल्या पुड्यातलं एक बिस्किट त्याच्या हातावर ठेवत.

आमच्या पोलीस खात्यात पिस्तुलाचा नेम शिकवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. गाव वळसंग. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. शहराबाहेरच्या माळावर आमची गोळीबाराची रेंज होती. तिथल्या उन्हात वीस वर्षं उभं राहून त्यांचा रंग मुरमासारखा झाला होता. मी कुर्डुवाडीहून भरती होऊन आलेली. बंदोबस्तात उभं राहून पायांची वाट लागली, तेव्हा अर्जांवर अर्ज करून रेंजवर त्यांची मदतनीस म्हणून नेमणूक मिळवली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला 'तंगी' म्हटलं. कानडीत धाकट्या बहिणीला तसं म्हणतात.

त्यांची शिकवण दोन वस्तूंवर उभी होती. पिस्तुलाच्या पुढच्या टोकावरचा उंचवटा, त्याला ते माशी म्हणत. आणि मागची खाच. माशी खाचेच्या बरोबर मधोमध बसली पाहिजे, आणि नजर माशीवर हवी, समोरच्या माणसावर नाही. "माशी साफ, माणूस पुसट. माणूस साफ दिसाय लागला की समज, तू घाबरलास." चाप कसा दाबायचा ते सांगताना ते हात पुढे करत. "वढायचा न्हाय रं. कैरी पाडाला आली का बघतोस, तसं दाबायचं." अंतर अगदी तीन पावलांचं असेल तर माशी शोधत बसू नये, छातीसमोर दोन्ही हात सरळ करावेत, हेही ते शिकवत. आणि कुणी पिस्तूल हातात घेऊन 'रिकामंच आहे' म्हणालं, की त्याच्याकडून आधी घरचा पत्ता लिहून घेत. "निरोप कुटं द्यायचा, म्हायती पायजे की."

एकदा एका शिपायानं वैतागून विचारलं, "उस्ताद, सगळ्या नोकरीत पिस्तूल झाडायची वेळ येत नाही म्हणतात, मग एवढं कशाला?" उस्ताद शांतपणे म्हणाले, "आपुन मारायला न्हाय शिकत बाबा, घरी जायला शिकतो. तुजी बायको वाट बगती, तिच्यासाटी शिकतो." गोळी हुकली तर ते कधी पिस्तुलाला दोष देऊ देत नसत. आधी स्वतःला तपासा, मग श्वास तपासा, मग बोट तपासा. पिस्तुलाचा नंबर सगळ्यात शेवटी. ही त्यांची सवय मी उचलली, आणि पुढे तिच्याच आडोशाला लपले.

दर वर्षी नव्या तुकडीसमोर ते पाच पणत्या फोडून दाखवत. मातीच्या बांधावर हात हात अंतरानं पाच पणत्या, पंधरा मीटरवरून पाच गोळ्या. प्रत्येक गोळीला कानडीत मोजत, ओंदु, एरडु, मूरु... पोरं खिदळायची, आणि पाचवी फुटली की टाळ्या. त्या वर्षी मोठे साहेब बघायला येणार होते. उस्ताद चौपन्नचे. पेपर वाचताना हात लांब धरू लागले होते, आणि आदल्या आठवड्यात मला हळूच म्हणाले होते, "तंगी, सकाळच्याला माशी जरा पुसट वाटती गं. कुनाला बोलू नको." मी कुणाला बोलले नाही. तेवढा शब्द मी पाळला.

त्या सकाळी पिस्तूल बाहेर काढताना माझ्या हातून ते निसटलं आणि सिमेंटच्या पायरीवर आपटलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी उचललं, फडक्यानं पुसलं, नळीत डोकावून पाहिलं. ओरखडाही नव्हता. शस्त्र पडलं की लेखी खुलासा द्यावा लागतो, आणि खुलासा दिला की माझी रवानगी परत बंदोबस्तावर, हे मला ठाऊक होतं. मी ते म्यानात घालून उस्तादांच्या हाती दिलं. त्यांनी रिकामं आहे का पाहिलं, आणि बाकी माझ्यावर विश्वास ठेवला.

ओंदु म्हणाले आणि पहिल्या पणतीच्या उजवीकडे माती उडाली. एरडुलाही तेच. तिसऱ्या गोळीच्या आधी त्यांनी डोळे मिटून उघडले. पाच गोळ्या झाल्या आणि पाचही पणत्या जशाच्या तशा बांधावर बसून राहिल्या. त्या दिवशी कुणीच खिदळलं नाही, ते हसण्यापेक्षा वाईट होतं. साहेबांनी विचारलं, "पिस्तूल ठीक आहे ना?" त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं होतं. मी म्हणाले, "हो सर, सकाळीच तपासलंय." उस्तादांनी मान हलवली. "पिस्तुलाचा दोष न्हाय सायेब. माजाच हाय. नजर गेली माजी."

संध्याकाळी साफ करताना मी मागच्या खाचेवरून नख फिरवलं. ती खाच तिच्या खोबणीत उजवीकडे सरकली होती, ज्वारीच्या दाण्याच्या पाव भागाएवढी. पंधरा मीटरवर तेवढ्यानं गोळी चार बोटं उजवीकडे जाते. हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मी पिस्तूल पुसून जमा केलं, सही केली आणि घरी गेले. जेवलेसुद्धा. आज हे लिहिताना त्या जेवणाचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

उस्तादांना कपड्यांच्या भांडारात बसवलं. तिथे दोन महिने गणवेशाचे गठ्ठे उचलून त्यांनी स्वतःहून निवृत्ती घेतली. जाताना म्हणाले, "तंगी, रेंज संबाळ." त्यांची जागा मला मिळाली. मी मनाला समजावलं, नजर तर खरंच कमी होत होती, आज ना उद्या हे व्हायचंच होतं. असं समजावणं फार सोपं असतं, कारण ऐकणारं आणि बोलणारं माणूस एकच.

सहा महिन्यांनी त्यांच्या पत्नी शांतक्का बाजारात भेटल्या. म्हणाल्या, "डोळं तपासलं गं. डाक्टर म्हंतो चाळिशी हाय, बाकी सगळं चांगलं. पर ह्ये ऐकत्यात व्हय? डाक्टरला काय कळतंय म्हंत्यात, पाच पणत्यांनी सांगितलंय म्हंत्यात. मोटारसायकल इकली. रस्ता वलांडताना माजा हात धरत्यात." भाजीची पिशवी तशीच घेऊन मी घरी आले, आणि पुढच्या रविवारी वळसंगला गेले.

ओसरीवर बसून मी सगळं सांगितलं. पायरी, फडकं, साहेबांना दिलेलं उत्तर, खाच. रडतही होते. मला वाटलं होतं ते ओरडतील, किंवा निदान सुटल्यासारखा एक श्वास तरी सोडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "त्ये पिस्तूल आता कुनाच्या कमरंला हाय?"

मला माहीत नव्हतं. आठ महिने मी त्या पिस्तुलाकडे बघितलंच नव्हतं. शस्त्र दुरुस्त करणाऱ्याला सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं, कसं सरकलं.

"फोन लाव."

शस्त्रागारात फोन लावला. पाच महिन्यांपासून ते एका न्यायाधीशांच्या घरच्या पहाऱ्यावरल्या शिपायाकडे होतं. उस्तादांनी खुंटीवरचा सदरा घातला आणि माझ्या स्कूटरवर मागे बसले. रस्ता ओलांडायला बायकोचा हात धरणारा माणूस चाळीस मिनिटं मागे बसून आला. शिपायाला शस्त्रागारातच बोलावून घेतलं. दुरुस्तीवाल्यानं पिस्तूल रिकामं करून समोर धरलं. उस्तादांनी खाचेवर नख फिरवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "उजवीकडं." शिपाई हसला. "उस्ताद, मी तर हे म्यानातून काढलंच नाही कधी!" उस्ताद हसले नाहीत. खाच ठोकून मधोमध बसेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

मी तिथेच बसून लेखी खुलासा लिहिला. पगारवाढ थांबली, रेंज सुटली. ते व्हायलाच हवं होतं. निवृत्त माणसाला मात्र कुणी परत बोलावत नाही.

संध्याकाळी त्यांना घरी सोडलं. दारात उतरल्यावर मी म्हणाले, "उस्ताद, मला माफ करा."

ते म्हणाले, "माज्यापुरती माफी हाय की माज्याकडं. लई हाय. तुला दिली बी. पर ह्या पाच महिन्यांत त्या पोरावर कुनी चाल करून आलं असतं, आन त्यानं मी शिकीवल्यासारकी माशी बराबर धरली असती, तर? त्याची माफी मी कुटनं आनली असती, तंगी?"

त्या थंडीत ते गेले. हृदयाचा झटका आला, शेतातच. शांतक्का सांगतात, शेवटचे महिने ते एकटेच वळसंगच्या बाजारात जायचे, पाट्या मोठ्यानं वाचत. ते ऐकून मला बरं वाटतं.

तो शिपाई अजून नोकरीत आहे. त्याला दोन मुली आहेत. रस्त्यात भेटला की हसून सलाम करतो, आणि मला त्याच्याकडे बघवत नाही.