पुणं जवळ होतं

शहापूर सोडून मी मुंबईला निघालो त्या दिवशी आई मला पोचवायला स्टेशनवर आली नाही. तिला येताच येईना. आठ दिवस पावसाची पिरपिर लागली होती आणि नेमकं त्या सकाळी लख्ख ऊन पडलं. विणकराच्या घरात असलं ऊन कुणी वाया घालवत नाही. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आमचा ताणा, म्हणजे लुगड्याचं उभं सूत, पसरला होता, त्याला खळ लावून झाली होती, आणि एका बाजूनं आई, दुसऱ्या बाजूनं माझा थोरला भाऊ अण्णा, असे दोघं सुतावर कुंचा फिरवत मागंपुढं चालत होते. ओला ताणा सोडून कुणी हललं तर सूत सुताला चिकटून वाळतं आणि महिन्याभराचं काम मातीत जातं. मी ट्रंक उचलून ताण्याच्या कडेनं निघालो. आई कुंचा न थांबवता ताणा संपेपर्यंत माझ्याबरोबर चालली. टोकाला आल्यावर म्हणाली, "जा बाबा. पोचल्याचं कार्ड टाक." आणि पाठ फिरवून परत निघाली. हात खळीनं भरलेले असल्यामुळं तिला डोळे पुसता येत नव्हते, हे मला टांगा सुटल्यावर सुचलं.

टांग्यात शेजारी आप्पा होते, माझे वडील. शहापूर सांगली संस्थानात आणि बेळगावचं स्टेशन इंग्रजांच्या मुलखात, पण अंतर म्हणाल तर टांग्याचं घोडं घामाघूम व्हायच्या आत संपतं. गाडी हलल्यावर आप्पा खिडकीबरोबर चालत चालत म्हणाले, "पोटाला चिमटा घेऊ नगंस. तेवढं आमी बगतो."

शहापुरात राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखी ट्रंक उचलून बाहेर पडलेल्यांनो, तुम्ही मला नेहमी एकच विचारता, की एवढ्या लांब मुंबईला कशाला गेलास? मी काहीतरी थट्टेवारी नेतो. आज सरळ सांगतो.

सांगलीत इंटर पास झाल्यावर माझ्यापुढं दोन वाटा होत्या. पुण्याच्या मेडिकल स्कूलला गेलो तर चार वर्षांत डॉक्टरकीचं लायसन्स. फी बेताची, आप्पांचे एक चुलतभाऊ तिथं राहायला, म्हणजे जेवणाखाण्याचीही सोय. बेळगावला गाडीत बसलं की मधे कुठं न उतरता पुणं, म्हणजे सणासुदीला घरी येणं-जाणं. मुंबईच्या कॉलेजात पाच वर्षं, फी जबर, हॉस्टेल आणि खानावळ वेगळी, गाडी पुण्याला बदलायची, आणि घरी यायचं ते वर्षातून फार तर दोनदा. पण तिथं डिग्री मिळायची.

आप्पांनी मला समोर बसवून विचारलं. त्यांची शाळा दुसरीतच संपलेली, पण कापड असो की माणूस, पारखताना घाई करायचे नाहीत.

"पुण्यात शिकलेल्याचं औषध लागू पडत न्हाय व्हय रं?"

"पडतंय की," मी म्हणालो. "पण त्येला पुरा डॉक्टर म्हणत न्हाईत, आप्पा."

त्यांनी मागावरच्या लुगड्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "आखूड लुगडं नेसलेल्या बाईला जल्मभर पदर वडत बसावं लागतंय. तू पुरं घे."

झालं. माझ्या आयुष्याचा निकाल लुगड्याच्या हिशेबानं लागला. विणकराच्या घरात दुसऱ्या कुठल्या हिशेबानं लागणार! पण त्या हिशेबात मी चोरी केली होती. आप्पांना मी फक्त फी सांगितली. खानावळ, पुस्तकं, शरीरशास्त्र शिकायला विकत घ्यावा लागणारा हाडांचा संच, यातलं अक्षरही काढलं नाही. ते सगळं पोचल्यावर पहिल्या पत्रात लिहिलं, म्हणजे नाही म्हणायची सोयच उरू नये. पुण्याचे डॉक्टर खेडोपाडी माणसं जगवत होते हे मला ठाऊक होतं. मला समुद्र बघायचा होता आणि नावापुढं ती चार इंग्रजी अक्षरं हवी होती. इतकं साधं आणि इतकं हलकट कारण होतं.

मुंबईनं मला नवी भाषा दिली. वॉर्ड, टर्म, डिसेक्शन, फर्स्ट क्लास. ती बोलताना मी स्वतःवर खूश असायचो. दर महिन्याला मनीऑर्डर यायची आणि तिच्या कूपनावर अण्णाच्या अक्षरात आप्पांचं एखादं वाक्य असायचं. 'म्हातारीला दोन नातवंडं झाली.' म्हातारी म्हणजे आमची म्हैस, तिच्या दोन्ही रेड्या व्याल्या होत्या. 'समुद्राच्या वाऱ्याला उघड्यानं झोपू नये.' मी कूपन वाचून फेकून द्यायचो. आज एकही माझ्याजवळ नाही.

चौथ्या वर्षीच्या दिवाळीत मी स्टेथॉस्कोप घेऊन घरी गेलो. ओट्यावर रांग लागली. मला कळत होतं त्यापेक्षा जास्त तोंड गंभीर करून मी अख्ख्या गल्लीच्या छात्या तपासल्या. आप्पांना दोनदा हाक मारली. ते म्हणाले, "माजं काय पळून चाललंय? आदी ह्यास्नी बग." ते चालताना जिन्यापाशी थांबून श्वास घेत होते, संध्याकाळी त्यांच्या पायांवर सूज दिसत होती. मी ते पाहिलं. दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसणाऱ्याचे पाय सुजतातच, असं म्हणून मी फराळाला बसलो. आप्पांची छाती ऐकायची राहून गेली ती राहूनच गेली.

शेवटच्या वर्षी, परीक्षेच्या थोडं आधी, मी घाबरून घरी लिहिलं, की अमुक तारखेच्या आत फी भरली नाही तर परीक्षेच्या यादीत माझं नाव येणार नाही. दोन आठवडे धाकधूक होती. मुदत संपायच्या आदल्या दिवशी मनीऑर्डर आली. कूपनावर अण्णानं लिहिलं होतं, 'इकडील काळजी करू नये. अभ्यास करावा.' आप्पांचं वाक्य त्यात नव्हतं. माझ्या ते ध्यानातही आलं नाही. जीव भांड्यात पडला म्हणून मी खोलीतल्या दोघा मित्रांना खानावळीत नेऊन बासुंदी खाऊ घातली.

परीक्षा देऊन मी बेळगावला उतरलो. स्टेशनवर अण्णा एकटाच आला होता. त्याची झुपकेदार मिशी जाऊन ओठावर जेमतेम वाढलेले केस दिसत होते. मी मुंबईच्या तोऱ्यात म्हणालो, "काय अण्णा, शिनेमात उतरलास काय?"

अण्णा हसला. कसं हसवलं असेल त्यानं स्वतःला, देव जाणे. बाप गेल्यावर मिशी उतरवतात हे लहान पोरालाही कळतं, पण मला कळलं नाही. वाटेत तो गाडीच्या उशिराबद्दल बोलला, म्हशीबद्दल बोलला. गल्लीत शिरलो तशी ओट्यावर बसलेली माणसं एकेक करून उठून उभी राहिली. डॉक्टर आला म्हणून उठताहेत, असं मला वाटलं. मग दारात आई दिसली आणि तिचं कपाळ दिसलं.

आप्पा जाऊन पाच आठवडे झाले होते. मागावर विणत असतानाच छातीत कळ आली आणि संपलं. दुसऱ्या दिवशी माझं फीचं पत्र घरात आलं.

"तार लिवली हुती," अण्णा म्हणाला. "पोष्टात जाऊन रांगंत हुबा ऱ्हायलो, आन् परत आलो. तू आला असतास तर आप्पा काय उठणार नव्हते. परीक्षा मातर गेली असती."

त्यानंतरचं आई बोलली. आमच्यात घरात मयत झालं की दहा दिवस मागाच्या खड्ड्यात कुणी पाय घालायचा नसतो. आप्पांच्या मागावर लुगडं अर्धं होतं, ते व्यापाऱ्याला दिल्याशिवाय पैसे येणार नव्हते आणि दहा दिवस थांबलं तर माझी मुदत टळत होती. तिसऱ्या दिवशी अण्णा दार लोटून घेऊन आप्पांच्या जागी खड्ड्यात उतरला. आई शेजारी बसून कांड्या भरत राहिली. तोंडानं रडायचं आणि हातानं सूत गुंडाळायचं, असे तिचे सुतकाचे दिवस गेले. हातमागाचा आवाज दार लोटून लपत नाही. फणी आदळते ती चार घरं पलीकडं ऐकू जाते. साऱ्या गल्लीनं ऐकलं. गल्लीतले वडीलधारे तायाप्पा, ज्यांच्या कानातून कुणाच्या घरातलं भांडण सुटायचं नाही, त्यांना कुणीतरी जाऊन विचारलंच, की सुतकात माग कसा चालतो. ते म्हणाले, "मला हल्ली कमी ऐकाय येतंय बाबा."

पुण्याची चार वर्षं आदल्याच उन्हाळ्यात संपली असती. मी तेव्हा शहापुरातच असतो, कदाचित त्याच घरात, आप्पांच्या छातीला कान लावून. त्यांना मी वाचवलं असतं असं म्हणत नाही. तेवढी डॉक्टरकी आता मला कळते. पण तो माग दहा दिवस थांबला असता. आईला नवऱ्यासाठी स्वस्थ बसून रडता आलं असतं. मुंबईची खरी फी ही होती आणि ती मी भरली नाही.

मुलानं बापाचं सुतक, केव्हाही कळो, कळल्या दिवसापासून धरायचं असतं. तायाप्पांनी तसं सांगितलं. माझी मिशी उतरवली. मधल्या खोलीच्या कोपऱ्यात माझ्यासाठी घोंगडी टाकली आणि मी तिच्यावर एकटा बसलो. घरातल्यांचे दिवस कधीच संपले होते. माझंच तेवढं नवं होतं, आणि मला विलक्षण परकं वाटलं, दुसऱ्याच्या घरी येऊन रडावं तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा नेहमीप्रमाणं मागाकडं वळला. आई म्हणाली, "उतरू नगं."

"का गं आई?"

ती आली आणि माझ्याशेजारी घोंगडीवर बसली. मग म्हणाली, "आमचंबी ऱ्हायलंय की."

अण्णा उभाच राहिला. एवढा थोराड माणूस, पाच आठवडे ज्यानं घर अंगावर पेललं होतं, तो खाली बसला आणि लहान पोरासारखा हमसून रडला. दुपारी व्यापाऱ्याचा माणूस लुगड्याची चौकशी करायला आला. आईनं आतूनच सांगितलं, "आमच्यात सुतक हाय. दहा दिस माग बंद."

आमच्या घरातून आवाज येत नाही हे गल्लीच्या कानावर गेलं असावं. संध्याकाळी तायाप्पा आले. मागून एकेक घर आलं. बायकांनी आईला मिठी मारून जणू आजच घडल्यासारखं रडून घेतलं. शेजारच्या घरातून पिठलं-भाकरी यायची. आप्पा तरुणपणी कुस्तीला कसे हरायचे, हे सांगून कुणीतरी आम्हाला हसवलंसुद्धा. आप्पांबद्दल त्या घरात पोटभर बोललं गेलं ते तेव्हाच.

अकराव्या दिवशी अण्णा मागावर बसला आणि बाराव्या दिवशी मी मुंबईच्या गाडीत. पास झालो. आता परळला दवाखाना आहे, गिरणीतली माणसं येतात, पाटीवर ती चार अक्षरं आहेत. आई गेली तेव्हा तार वेळेवर आली, मी पोचलोही. अण्णाला मी अजून पैसे पाठवतो, तो ते घेतो आणि पावतीवर नुसती सही करून पाठवतो. वर्षा-दोन वर्षांनी शहापूरला जातो, तर मला खुर्ची देतात, कपबशीतून चहा देतात.

घर कुठलं म्हणून कुणी विचारलं की मी शहापूर सांगतो. पण मनात येतं ते गाव नसतं, ते दहा दिवस असतात. एका घोंगडीवर आई, अण्णा आणि मी बसलो होतो, आणि तिघांपैकी कुणालाही कुठं जायचं नव्हतं.