टेंपोच्या स्टेरिंगचं मशीन

“शाल तुज्या घरीच ठेव. थंडी वाजलीच तर माज्याकडं घोंगडं हाय,” कृष्णात म्हणाला, आणि जळालेल्या मोटरीतली काळी तार पकडीनं उपसत राहिला.

विश्वजितनं ते हसण्यावारी नेलं. “आवं कृष्णातदा, सत्कार हाय तुमचा. आमची दहावीची सगळी बॅच यायलीय. पयली शाल तुमालाच, आसं ठरलंय. आन मशीन तेवडं साळंच्या हॉलात न्यायचं हाय.”

उंब्रजला हायवेच्या कडेला कृष्णातचं जळालेल्या मोटरींत नवी तार भरून देण्याचं दुकान. वय पन्नाशीपल्याड, अंगाला वार्निशचा वास, जिभेला धार. याच गाळ्यात बावीस वर्षांमागं त्याचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. भिंतीकडेला दोन टीव्ही, त्यांना जोडलेले घरगुती खेळ. एका कॅसेटीत मोटारसायकलींची शर्यत, शेजारच्याला लाथ घालून पुढं काढायची. आणि मधोमध बसून खेळायचं मोठं गाडीचं मशीन. पुढं स्टेरिंग, पायाशी पॅडल, पडद्यावर समुद्राकडंचा रस्ता आणि दोन्ही अंगाला माड. उसाच्या पट्ट्यातल्या कैक पोरांनी समुद्र पहिल्यांदा बघितला तो इथं, आणि तोही पळताना.

विश्वजित त्यातलाच एक. बागायतदार आप्पासोंचा थोरला. आता पुण्यात बक्कळ कमावतो. लहानपणच्या गेमांचे व्हिडिओ करायचा त्याला नाद. आजही फोन स्टँडवर लावूनच आत आला होता.

कृष्णात त्याच्याकडं बघत नव्हता, त्याला कारण होतं. दहावीच्या गणिताच्या पेपराला हे पोरगं बसलंच नाही. घरी सांगितलं की, कृष्णातनं दुकानात ओढून घेतलं आणि दिवसभर सोडलं नाही. खरं तर दहावीची परीक्षा लागली की कृष्णात आपणहून शटर ओढायचा आणि बापाच्या मेंढरांकडं माण तालुक्यात जायचा. त्याही साली गेला होता. पण मेंढरं साक्ष देत नाहीत. शटर बाहेरनं खाली आणि पोरं आत, असं गावानं ठरवून टाकलं. ग्रामसभेत आप्पासो उठून म्हणाले, मेंढरामागचं पोर आता आमची पोरं हाकून खड्ड्यात घालतंय. त्यावर सगळी सभा हसली. दुकान बंद करायचा ठराव झाला. कडेगावची ठरलेली सोयरीक त्याच महिन्यात मोडली. पोरं नादाला लावणाऱ्याला कोण पोरगी देतंय? कृष्णातनं पुढं मोटरी भरायची कला उचलली, लग्न केलं, घर चालवलं. पण कुणाचं पोर नापास झालं की अजून गावात त्याचं नाव निघतं.

“पोतं तरी काडा. एकदा बसतो,” विश्वजित म्हणाला.

कृष्णातनं कोपऱ्यातल्या मशीनवरचं पोतं ओढून काढलं. धुळीचा लोट उठला. विश्वजित फोनवर शूटिंग सुरू करून मशीनच्या खुर्चीत बसला, स्टेरिंगला हात लावला आणि त्याचं सगळं पुणेपण गळून पडलं. तोंडानंच गिअर टाकत, फोनकडं बघत तो सांगायला लागला. मूळ स्टेरिंग मोडल्यावर कृष्णातदांनी भंगारातनं टेंपोचं आणून बसवलं. त्याला चार बोटं ढिलाई. चाक फिरवलं तरी गाडीला ते उशिरा कळायचं. मग उंब्रजची पोरं वळण दिसायच्या आधीच वळायला शिकली. बाहेरगावचं कुणी बसलं की सरळ माडावर.

“आन उलटंबी व्हायचं,” तो रंगात आला. “गणिताच्या पेपरादिवशी मी एष्टीनं कराडला गेलतो. तितं असलंच कोरं मशीन आलतं. बसलो, तर पयल्याच वळनाला माडावर. परत बसलो, परत माडावर. हात आदीच वळायचा. दिवस मावळस्तवर एक वळन निगालं न्हाई. सगळी करामत ह्येंच्या स्टेरिंगची.”

तो हसला, आणि हसता हसताच थांबला.

कृष्णातनं पकड खाली ठेवली. “कंच्या पेपरादिवशी?”

विश्वजितनं स्टेरिंगवरचे हात काढले. मग म्हणाला, ल्हान होतो, आप्पांचा मार तुमाला ठावं हाय.

“मार खाल्ला आस्तास तर दोन दिस आंग ठणाकलं आस्तं. माजं बावीस वर्सं ठणाकतंय.”

बाहेरनं उसाचा ट्रॅक्टर गेला. मग कृष्णात म्हणाला, “मशीन ने. आत्ता ने, मी सोता गाडीत चडवून देतो. फकस्त हे आत्ता जे बोललास ते हाय तसं हॉलात पडद्यावर दाव. आप्पा म्होरच्या खुर्चीत पायजेत.”

आप्पाच कार्यक्रमाचे अध्यक्ष आहेत, ऐंशी वर्षांचं माणूस, चार लोकांत त्यांची शोभा कशाला, असं विश्वजित सांगत राहिला. “जुनं उकरून कुनाचं भलं झालंय?”

“तू तर उकरायाच आलायस की रं. तुला माड पायजेत, समिंदर पायजे. बुडातलं शेण तेवडं नगं.”

विश्वजितनं फोन उचलला. अंगठा काचेवरनं दोनदा फिरला.

“पुसलंस?”

“कापलं तेवडंच.” आता त्याचा आवाजही कडक झाला. “आन कसल्या अटी घालताय? चालू तरी हाय का हे? भंगारवालाबी फुकट न्यायचा न्हाई.”

“मग उठ भंगारातनं.”

विश्वजित उठला. दारात घुटमळला, बॅचमधल्या बाकीच्यांना काय सांगू म्हणून विचारलं.

“सांग, कृष्णात लय माजलाय. माज्याबद्दल खोटं सांगायची सवय हायच तुला.”

गाडीचं दार आपटलं. कृष्णातनं मशीनवर परत पोतं ओढलं; ते जुन्या आठवणींपायी नव्हे, तारेचा चुरा मशीनमध्ये पडून घाण होते म्हणून. तेवढ्यात पाटणकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला, मोटर कवा मिळंल, पीक वाळाय लागलंय. दिस मावळायच्या आत न्या, म्हणून त्यानं सांगितलं, मोटरीच्या मोकळ्या झालेल्या खाचा ब्रशनं झाडल्या आणि पहिल्या खाचेत नव्या तारेखालचा कागद सारला.