शेजारचा पलंग

मी आर्णीचा. सैन्याच्या ट्रेनिंगमध्ये माझ्या शेजारच्या पलंगावर आमच्याच भागातल्या फुलसावंगीचा एक जण होता. पलंग नावालाच त्याचा. पहिल्याच दिवशी त्याने चादर इतकी ताणून बसवली, की ती मोडू नये म्हणून तो रोज फरशीवरच झोपायचा.

एकदा तपासणीत माझी चादर चुरगळलेली निघाली. माझ्या टाचा आधीच फोडांनी सोलवटल्या होत्या. "किसका बिस्तर है?" कवायत शिकवणारे उस्ताद गरजले.

"मेरा, उस्ताद!" माझ्याआधी हाच ओरडला. त्याच्या पलंगाची शाबासकी मला मिळाली आणि तो मैदानभर कोलांट्या मारून आला. कानांतसुद्धा माती.

"काहून केलं बे असं?" मी विचारलं.

"तू आर्णीले पळून गेला, त मी इथं आपली बोली बोलू कोनासंग?"

पळून जायचा विचार मी कुणालाच सांगितला नव्हता.