डेपोचा शेवटचा फोटो

पोलंडमधल्या वूच शहरात लेओकाडियानं तीस वर्षं ट्राम चालवली होती. जानेवारीत तिचा डेपो बंद होणार होता, आणि त्याआधी तिथल्या एकतीस बायकांचे, एकेकीचा तिच्या तिच्या ट्रामजवळ, फोटो काढायचे असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

"मोबाइल आहे की," लेक म्हणाली.

"मोबाइल हरवला तेव्हा तुझ्या लग्नाचे फोटोही गेले."

ऑक्टोबरातल्या एका रविवारी ती जुन्या बाजारात, वापरलेल्या वस्तू विकणाऱ्या झेनोनच्या घोंगडीपुढे उभी राहिली. फिल्मवर चालणारे तीन जुने झेनिट कॅमेरे मांडलेले होते.

"हा घ्या, बाई. नवाकोरा दिसतो."

"म्हणजे पडूनच होता." तिनं तिन्हींची पाठ उघडायला लावली, एकेक आभाळाकडे धरून बटण दाबलं आणि कान लावला. चकचकीत कॅमेऱ्याच्या शटरचा पडदा मध्येच अडखळला. दुसऱ्याच्या पडद्याला टाचणीएवढी भोकं होती. तिसऱ्याचं चामडं सोललेलं, पण दहा वेळा बटण दाबलं तरी त्याचा आवाज एकसारखाच आला.

"कॅमेरे दुरुस्त करता?" झेनोननं विचारलं.

"ट्राम चालवते. बिघाड आधी कानाला कळतो."

झेनोननं नव्वद झ्लॉटीला दिला आणि बजावलं, "याला सेल लागत नाही. फक्त कडाक्याच्या थंडीत फिल्म हळू फिरवा, तडकते."

पहिल्या रोलमध्ये जावयाचं डोकंच कापलं गेलं. दुसरा काळाकुट्ट निघाला. तिसऱ्यापासून तिचा हात बसला.

डेपोच्या शेवटच्या दिवशी तापमान उणे सतरा होतं. ऑफिसनं बोलावलेला फोटोग्राफर भारी कॅमेरा घेऊन आला. बायका रांगेत उभ्या राहिल्या आणि त्याची बॅटरी गारठून बंद पडली. खिशातली दुसरीही तशीच.

"राहू द्या आता," डेपोचे साहेब म्हणाले.

लेओकाडियानं कोटाच्या आतून झेनिट काढला.

"संग्रहालयातून आणलात का?" फोटोग्राफर हसला.

"बाजारातून. जरा सरका, तुमची सावली पडतेय."

आधी सगळ्यांचे मिळून पाच फोटो झाले, मग एकेकीचा. दर फोटोनंतर ती फिल्म हळूच पुढे सरकवी आणि कॅमेरा पुन्हा कोटात घाली. तासाभरात बोटं बधिर झाली, पण ती थांबली नाही. फोटोग्राफरनं हसणं केव्हाच सोडलं होतं. शेवटी शेवटी तोच बायकांना उजेडात उभं करत होता.

छत्तीसच्या छत्तीस फोटो आले. इरेनाचे डोळे तेवढे मिटलेले होते.

"कामावर तरी कुठं उघडे असायचे?" वांडा म्हणाली, आणि इरेनासकट सगळ्या हसल्या.

आठवड्यानं ऑफिसातून फोन आला. नव्या डेपोच्या कॅन्टीनमध्ये मोठा फोटो लावायचा होता, निगेटिव्ह मिळतील का?

"मिळतील," लेओकाडिया म्हणाली. "पण खाली माझं नाव घाला. आडनावासकट."

फोटो दाराच्या अगदी समोर लागला. नाव एवढ्या ठळक अक्षरांत होतं, की चष्मा न लावता तिला ते दारातूनच वाचता आलं.