कांद्यातली बाभळ

पिंपरीकडे पहिलेवहिले कारखाने उभे राहत होते, तेव्हा मी लग्न होऊन चाकणजवळच्या गावात आले. माहेरी हद्द म्हणजे गावाची शीव, एवढंच मला ठाऊक. सासरी सासूबाईंनी दुसरी शिकवली. थोरांपुढं सुनेनं बोलायचं नाही, ती मर्यादा.

आमच्या रानाला लागून एका मुसलमान विधवेचं रान होतं. सगळं गाव तिला चाची म्हणायचं. मामंजी दर नांगरटीला तिचा बांध थोडा थोडा कोरत. घरात सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नसे.

शेवटी चाचीनं पंच बोलावले. मामंजी म्हणाले, बांध आहे तिथंच आहे. चाचीनं वाद घातला नाही. तेवढ्यात मी भाकरी घेऊन रानात पोचले. ती पंचांना म्हणाली, "हिला इचारा. ही रोज हितं येती."

मी पदर पुढं ओढला. पंचांतल्या म्हाताऱ्यानं पुन्हा विचारलं. खोटं बोलायचं धाडस झालं नाही, एवढंच.

"मी लगीन हून आले तवा बाभळ बांधावर व्हती. आता ती आमच्या कांद्यात हाय."

मामंजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुनंनं हद्द केली."

बांध मागं सारायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी मामंजींनी गडी लावला नाही. स्वतः फावडं घेतलं, उभा कांदा उपटला आणि माती ओढत बसले. रस्त्यानं जाणारे थांबून बघत होते. मी नेलेली भाकरी त्यांनी हातात घेतली नाही. चाचीनं पाणी आणलं, ते मात्र प्याले. मी खरं बोलले होते, तरी त्यांची वाकलेली पाठ बघून मला तोंड लपवावंसं वाटलं. घरी मालकही बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पुढच्या नांगरटीला मामंजींनी मलाच बोलावलं. म्हणाले, "बांधावर हुबी ऱ्हा. फाळ पल्याड गेला तर सांग."

सगळ्या शिवाराच्या देखत मी उभी राहिले. एकदा फाळ खरंच जरा पलीकडं सरकला. मी पदर पुढं ओढला. मामंजींनी आपणहून बैल थांबवले आणि माझ्याकडे पाहिलं. मी नुसती होकाराची मान डोलावली. त्यांनी नांगर उचलून अलीकडं घेतला. त्यांच्या मनात राग उरला नव्हता, हे मला दिसत होतं. तरी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.