साडभाऊंचा कोसा

अळ्यांवर माझ्या साडभाऊंइतका जीव टाकणारा माणूस आमच्या झाडीपट्टीत दुसरा झाला नाही आणि होणारही नाही. गाव आरमोरीकडचं, धंदा कोशाचा. येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या चढवायच्या आणि पानं खाऊन, अंगठ्याएवढ्या होऊन त्या कोसा विणेपर्यंत पाखरांपासून राखायच्या. या अळीचा पतंग इथून बस्तरापर्यंत रानात आपला आपण वाढतो. पण साडभाऊंचा समज असा, की ते नसते तर त्याचा वंशच बुडाला असता. राखणीच्या दिवसांत दाढी करायची नाही, मासळी-मटणाला शिवायचं नाही, झाडाखाली चपला घालायच्या नाहीत, ही तिकडे सगळ्यांचीच रीत. साडभाऊ मात्र शिंकायलाही बांधापलीकडे जातात. अळीला कान नसतात, असं मी एकदा म्हणालो. "तुमी तिले इचारलं का जी?" एवढंच त्यांनी मला विचारलं.

त्यांच्या एकुलत्या लेकीला पाहायला पोंभुर्ण्याचे पाहुणे यायचे ठरले, ते नेमके अळ्या शेवटची कात टाकत असताना. लेक राखणीतला त्यांचा उजवा हात. पाखरांवर खडे मारायची तिची गुलेर बापापेक्षा नेमकी. मेहुणीने निरोपावर निरोप धाडले, की दाढी करून घरी या, नाहीतर एवढं चांगलं स्थळ हातचं जाईल. साडभाऊ हलले नाहीत. "पाहुण्याइलेच इथी आणा. मी आलो तं कावळे सारं खाऊन टाकतीन."

शेवटी देवाचं नाव घेत मीच पाहुण्यांना रानात नेलं. समोर दाढीचं जंगल वाढवलेले साडभाऊ. रामराम नाही, बसा नाही. "चपला तिकडं काढा जी." नवऱ्या मुलाचे वडील चपला काढता काढता माझ्याकडे असे बघू लागले, की मी नजर चुकवली. तेवढ्यात एक गलेलठ्ठ अळी टपकन नवऱ्या मुलाच्या खांद्यावर पडली. मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा पोरगा खांद्याशी येनाची डहाळी धरून गुमान उभा होता, आणि बाईसाहेब सावकाश तिच्यावर चढत होत्या. ती पानाला लागेपर्यंत तो हलला नाही.

साडभाऊंचा चेहरा दाढीतूनही फुललेला दिसला. "माह्याकडून पक्कं. पोरीले इचारा."

"मले पसंत हाय," लेक म्हणाली, "पन कोसा उतरल्याबिगर तारीख काढू नका."

उन्हाळ्यात लग्न झालं, लेक पोंभुर्ण्याला गेली. पावसाळ्यात मी गेलो, तेव्हा पुढच्या बियाण्यासाठी माळ करून टांगलेल्या कोशांतून पतंग निघत होते. एक मादी माळेलाच लटकून पंख वाळवत होती. पंखांवर आरशासारखे गोल. "हिले तोंडच नसते," साडभाऊ म्हणाले. "खाणं नाई, पेणं नाई. अंडी देते अन् जाते." मग त्यांनी माळ हलक्या हाताने आडोशाला घेतली. मलाही वाईट वाटलं.

यंदाही राखण जोरात आहे. कावळा दिसला की साडभाऊ अजून सवयीने लेकीला हाक देतात, "माय, तिकडलं पाह्य." मग जरा थांबतात, आणि स्वतःच उठून तिकडे जातात.