पापडाची पाळी

खामगावातल्या आमच्या गल्लीत शेजारच्या एका बाईंना ढोंगी म्हणतात. मला ते मान्य नाही.

उन्हाळ्यात बायका पाळीपाळीने एकमेकींकडे पापड लाटतात; जी लाटत नाही, तिच्या पाळीला कोणी फिरकत नाही. संधिवाताच्या या बाई मात्र लाटण्याला हात न लावता प्रत्येक घरी तेलात बुडवलेल्या लाट्या खाऊन मिठावर निकाल देत.

“बोटाची सूज तं उतरली, मंग काऊन बसून राह्यल्या?” आमच्या अंगणात त्यांच्या जाऊबाईंनी टोमणा मारला.

“संधिवातानं पोटभाडेकरू ठेवला, जाऊबाई. फायब्रोमायल्जिया! ना सूज, ना रिपोर्टात दिसते. पण अंगभर ठणकते. माह्या पाळीले काकाजी लाटतीन!” त्यांनी माझ्याकडे हनुवटी केली.

त्यांच्या पाळीला माझी फजिती पाहायला सारी गल्ली लोटली आणि हसता हसता सगळे पापड लाटून गेली.

लोक सांगतात, बाईंनी मला आमिष म्हणून बसवले. साफ खोटे, मी लाट्यांसाठी स्वखुशीने बसलो होतो. माझा पहिला पापड चौकोनी झाला, हेही खोटे. तो लांबट होता.